अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलींसाठी कायम निधी: देणगीपत्रात नेमकं काय लिहावं?

यंत्रवेडी

नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. आम्ही काही वर्गमैत्रिणी, सगळ्या अभियांत्रिकीच्या पदवीधर, आता आपापल्या कामात स्थिरावलो आहोत. विद्यापीठात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलींसाठी मिळून एक कायम निधी उभा करायचा असं ठरलं आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, उत्पन्नातून दर वर्षी शिष्यवृत्ती द्यायची. पैशांची अडचण नाही, सगळ्या मनापासून द्यायला तयार आहेत. घोडं अडलंय ते देणगीपत्रापाशी. विद्यापीठाकडून छापील मसुदा आला आहे. निधीचं नाव, शाखा, किमान गुण यांसाठी मोकळ्या जागा आणि शेवटी 'इतर अटी' असं लिहून पुढे दोन रेघा. या दोन रेघांवर आमचं एकमत होत नाहीये.

एकीचं म्हणणं, सर्वांत हुशार मुलीलाच द्यायची. दुसरीचं म्हणणं, घरची परिस्थिती बघायची. तिसरीला वाटतं की पहिल्या वर्षाच्या जास्तीत जास्त मुलींना थोडी थोडी द्यावी. मी बरंच वाचून काढलं आणि माझं मत असं होत चाललंय की रकमेच्या आकड्यावर आपण उगाच इतका वेळ घालवतो. पैसे कधी हातात पडतात, किती वर्षं पडतात आणि कोणत्या कारणाने थांबतात, यावर मुलीचं शिक्षण पुरं होणार की नाही हे जास्त ठरतं. आणि देणगीपत्र आपल्यानंतरही राहणार आहे. ते वाचणाऱ्यांना आपल्याला फोन करून 'तुम्हाला काय अभिप्रेत होतं' असं विचारता येणार नाही.

मदत कशी दिली जाते यानेही फरक पडतो, याचं एक जुनं उदाहरण डोक्यातून जात नाही. एलन स्वॉलो ही मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळालेली पहिली स्त्री, १८७० साली. तिला फी माफ केली होती. तिला वाटलं, आपली परिस्थिती बघून केली असेल. खरं कारण पुढे कळलं. कोणी हरकत घेतलीच तर 'ती आमची विद्यार्थिनी नाहीच' असं संस्थेच्या अध्यक्षांना सांगता यावं म्हणून तिच्याकडून फी घेतली नव्हती. हे आधी कळलं असतं तर मी गेलेच नसते, असं तिने नंतर म्हटलं. फी माफ, पण नाव पटावर नाही! तिने १८७३ मध्ये पदवी घेतली, पुढे तिथेच शिकवलं, हे तिचं कर्तृत्व. पण आपण देत असलेल्या मदतीने मुलगी त्या वर्गातली हक्काची विद्यार्थिनी ठरते की उपकारावर आलेली पाहुणी, हा प्रश्न मला तिच्यामुळे पडला.

ज्यांनी असे निधी चालवले आहेत, निवड समितीवर काम केलंय किंवा शिष्यवृत्तीवर शिक्षण घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पानाफुलात

छान विषय. वाचतेय. माझ्या मुलीचं हेच वय आहे.

चक्रवाढ

न्यासांचे हिशेब बघणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे आधी पैशांबद्दल लिहितो. कंटाळवाणं वाटेल, पण इथे चुकलं तर पुढचं काहीच उभं राहत नाही.

कायम निधी म्हटल्यावर बहुतेकांना वाटतं की मिळेल तेवढं उत्पन्न वाटून टाकायचं. तसं केलं तर मुद्दल आकड्यात तेवढंच राहतं आणि महागाई ते आतून खात जाते. आज एका मुलीची वर्षाची पूर्ण फी भरणारा निधी वीस वर्षांनी तिच्या पुस्तकांनाही पुरत नाही. म्हणून मोठी विद्यापीठं साधारण ४ ते ५ टक्केच खर्च करतात आणि वरचा परतावा मुद्दलात मिळवतात. ७ टक्के परतावा आणि ३ टक्के महागाई असेल तर खर्चायला उरतात ४. इतकं सरळ गणित आहे.

दुसरी गोष्ट सरासरीची. बाजार वर गेला की शिष्यवृत्ती दुप्पट आणि पडला की शून्य, असं करून चालत नाही. मुलीची फी बाजार बघून कमी होत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी मागच्या तीन वर्षांच्या बाजारमूल्याची सरासरी काढून त्यावर टक्का लावतात. २००८ च्या पडझडीत अमेरिकेतल्या अनेक नव्या निधींचं मूल्य मूळ देणगीच्याही खाली गेलं होतं. जुन्या निधींकडे आधीच्या वर्षांची साठवण होती, त्यांनी तग धरला. नव्यांची पंचाईत झाली, कारण देणगीपत्रात 'मूळ रकमेला कधीही हात लावू नये' असं ठाम लिहिलेलं. तिथल्या बहुतेक राज्यांनी पुढे स्वीकारलेल्या २००६ च्या नमुना कायद्याने ही ताठर रेघ काढून टाकली आणि दूरदृष्टीने, सावधपणे खर्च करा असं विश्वस्तांवर सोपवलं. पण देणगीदाराने स्वतः स्पष्ट मनाई लिहिली असेल तर तीच लागू होते.

तेव्हा माझा सल्ला: 'मुद्दलाला हात लावायचा नाही' हे वाक्य तसंच्या तसं लिहू नका. 'निधीचं खरं मूल्य टिकावं असा प्रयत्न करावा, मात्र शिक्षण चालू असलेल्या विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती खंडित होऊ नये यासाठी विश्वस्तांना तात्पुरती उचल करता यावी', अशा अर्थाचं लिहा.

यंत्रवेडी

चक्रवाढ, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आम्ही तर 'कधीही, कोणत्याही परिस्थितीत' असं अभिमानाने लिहून ठेवलंय. एक विचारते, अटी किती बारीक लिहाव्यात? आमच्यातल्या एकीला आमच्या शाखेचं नाव हवंच आहे.

चक्रवाढ

त्यासाठी बेंजामिन फ्रँकलिनचं मृत्युपत्र बघा. तो १७९० मध्ये वारला. बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्याने हजार-हजार पौंड ठेवले. पंचविशीच्या आतल्या, लग्न झालेल्या, उमेदवारी (म्हणजे उस्तादाच्या हाताखाली काम शिकण्याचा काळ) पुरी केलेल्या कारागिरांना त्यातून ५ टक्क्यांनी कर्ज द्यायचं, दोन जामीन घ्यायचे आणि हे सगळं दोनशे वर्षं चालवायचं. पैसा वाढला, पण कारागिरीतली उमेदवारीची पद्धतच मोडीत निघाली. अटीत बसणारा माणूस शोधावा लागायची वेळ आली. १९९० मध्ये मुदत संपली तेव्हा बॉस्टनच्या निधीत सुमारे ५० लाख डॉलर होते आणि फिलाडेल्फियाच्या निधीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. मधल्या टप्प्यावर बॉस्टनने आपल्या वाट्यातून एक तंत्रशाळाच उभी केली, ती आजही फ्रँकलिनच्या नावाने चालू आहे. म्हणजे मूळ अटीप्रमाणे कर्ज घ्यायला माणसं मिळेनात आणि हेतू जपून काढलेली शाळा मात्र टिकली.

शाखांची नावं बदलतात, विलीन होतात, बंद पडतात. 'अमुक शाखेला प्राधान्य, तशी विद्यार्थिनी नसल्यास अभियांत्रिकीची कोणतीही शाखा' एवढं लिहा. शिवाय मूळ अट पाळणं अशक्य झालं तर जवळात जवळच्या हेतूसाठी निधी वापरण्याची मुभा लिहून ठेवा. ती नसेल तर न्यायालयाची पायरी चढावी लागते.

सदाफुली

मी अशाच एका निधीच्या शिष्यवृत्तीवर शिकले आणि आता पदव्युत्तर करतेय. इथे बहुतेक सगळे मोठे आहेत, मला 'तू' म्हटलं तरी चालेल.

ताई, तुमचं 'कधी हातात पडतात' हे वाचलं आणि लिहायला बसले. माझी शिष्यवृत्ती चांगली होती, त्या देणगीदारांचे मी कायम आभार मानेन. पण फी भरायची मुदत सत्र सुरू व्हायच्या आधी आणि शिष्यवृत्ती जमा व्हायची सत्राच्या मध्यावर, कधी त्याहूनही नंतर. कारण मंजुरीच्या आधी उपस्थितीचा दाखला लागायचा आणि तो मिळायला वर्ग सुरू व्हावे लागायचे. म्हणजे आधी स्वतः भरा आणि मग परत मिळवा. ज्या मुलीकडे आधी भरायला पैसे आहेत तिला ही फार तर गैरसोय. ज्या मुलीकडे नाहीत तिला दर सहा महिन्यांनी कोणापुढे तरी हात पसरावा लागतो. माझी आई कोणाकडून पैसे आणते हे मला विचारवतही नसे.

आणखी एक. लॅपटॉप, ड्रॉइंगचं साहित्य, वर्कशॉपचे बूट, प्रकल्पाचे सुटे भाग, इंटर्नशिपला दुसऱ्या गावी राहायचा खर्च, यांतलं काहीच 'फी'मध्ये येत नाही. शिष्यवृत्ती थेट विद्यापीठाच्या खात्यात जायची, त्यामुळे फी फिटायची आणि बाकीच्यासाठी मी संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे. इंटर्नशिप तर मी सोडूनच दिली होती, कारण तिथे विद्यावेतन नव्हतं. नंतर नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न 'इंटर्नशिप कुठे केली' हाच असतो. थोडी रक्कम विद्यार्थिनीच्या हातात, हिशेबाच्या पावत्या न मागता मिळाली तर फार फरक पडेल. खरंच.

पानाफुलात

सदाफुली, किती नेमकं लिहिलंस. पावत्यांच्या मुद्द्याला अनुमोदन.

खडूफळा

मी अभियांत्रिकी शिकवते आणि बरीच वर्षं विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती समितीवर आहे. यंत्रवेडी, तुमच्या मसुद्यातल्या 'किमान गुण' या रकान्याबद्दल मला लिहायचंच आहे.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर आमच्यासमोर शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवण्याच्या फायली येतात. एका बैठकीतली एक फाइल सांगते. मुलगी पहिल्या वर्षी वर्गात वरच्या नंबरात. तिसऱ्या सत्रात गुण घसरलेले, अटीच्या जेमतेम खाली. सोबत तिच्या हस्ताक्षरात अर्ध्या पानाचं पत्र: घरी आजारपण आहे, मी संध्याकाळी काम करते, पुढच्या सत्रात भरून काढीन. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला तिची शिष्यवृत्ती चालू ठेवायची होती. देणगीपत्र तीनदा वाचलं. त्यात एकच वाक्य होतं, अमुक गुणांखाली गेल्यास शिष्यवृत्ती रद्द. अपवादाला जागा नाही, एका सत्राची सवलत नाही, समितीला अधिकार नाही. आम्ही नियमाप्रमाणे सही केली. तिने काम वाढवलं, गुण आणखी घसरले आणि वर्ष संपायच्या आत ती अभ्यासक्रम सोडून गेली. त्या देणगीदारांना असं व्हावंसं कधीच वाटलं नसणार. त्यांनी ती अट दर्जा राखायच्या चांगल्या हेतूनेच घातली होती.

दुसरं वर्ष अभियांत्रिकीत सर्वांत अवघड जातं. गणित चढतं, यंत्रशास्त्र, परिपथ, ऊष्मागतिकी एकदम अंगावर येतात. गुण सगळ्यांचेच उतरतात, मुलांचेही. पण वर्गात ज्यांची संख्या कमी आहे त्यांना ते उतरलेले गुण 'आपण इथल्या नाही' याचा पुरावा वाटतात. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी मुली उत्तीर्ण होत असतानाही 'मला जमत नाही' म्हणून शाखा बदलायला आल्या आहेत. नेमक्या त्याच वेळी शिष्यवृत्ती बंद झाल्याचं पत्र हातात पडलं तर तिला वेगळं काही सांगायला नकोच.

म्हणून माझी विनंती आहे. पहिली निवड करताना हवे तर गुण बघा. एकदा निवडली की पदवी पूर्ण होईपर्यंत ती शिष्यवृत्ती तिची. 'समाधानकारक प्रगती' एवढीच अट ठेवा आणि ती ठरवायचा अधिकार समितीला द्या. घसरण झाली तर पूर्ण एक वर्ष सावरायला द्या. आजारपण, बाळंतपण, घरची अडचण यांसाठी शिक्षणात खंड पडला तर परत आल्यावर शिष्यवृत्ती पुढे चालू होईल असं स्पष्ट लिहा. ते लिहिलेलं नसेल तर कार्यालयातला माणूस 'तरतूद नाही' असंच सांगणार, त्याचाही इलाज नसतो.

थोड्या मुलींना पूर्ण काळ द्यायची की पुष्कळ मुलींना एकेक वर्ष, असा प्रश्न आहे. मी निःसंकोच पहिल्या बाजूची. एका वर्षाची शिष्यवृत्ती समारंभात छान दिसते, फोटोत दर वर्षी नवे चेहरे येतात. पण मुलीला चार वर्षं काढायची असतात.

समांतर

चर्चा चांगली चालली आहे, पण एक प्रश्न मनापासून विचारतो, राग मानू नये. फक्त मुलींसाठीच का? गरीब मुलगाही फी भरू शकत नाही. त्याला 'तू मुलगा आहेस' म्हणून नाही म्हणायचं हे मला पटत नाही. गरज हाच निकष ठेवला तर मुलींनाही मिळेलच की.

आडवाट

समांतर, प्रश्न रास्त आहे आणि त्यावर कायद्यानेही बराच विचार केलाय. अमेरिकेत १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने शिक्षणात लिंगावरून भेदभावाला बंदी घातली. मग मृत्युपत्रांतून आणि न्यासांतून आलेल्या, फक्त मुलांसाठी किंवा फक्त मुलींसाठी असलेल्या शिष्यवृत्त्यांचं काय करायचं? त्यावर वाट अशी काढली की आधी लिंग न बघता, सगळ्यांना सारखे निकष लावून मदतीला पात्र विद्यार्थ्यांची यादी करायची. मग त्या यादीतल्या ज्याला जो निधी जुळतो तो द्यायचा. मुलींच्या निधीतून मुलींना, सर्वसाधारण निधीतून इतरांना. आपल्या लिंगाचा निधी नाही म्हणून यादीतला कोणीही मदतीवाचून राहता कामा नये. तुम्ही म्हणता तो गरीब मुलगा त्या यादीत असतोच. अलीकडच्या काळात तिथे तक्रारी झाल्यामुळे बऱ्याच विद्यापीठांनी मुलींपुरत्या शिष्यवृत्त्या सर्वांना खुल्या केल्या किंवा त्यांची भाषा बदलली, हेही खरं आहे. म्हणून यंत्रवेडी, तुमच्या विद्यापीठाला जो कायदा लागू आहे तो वकिलाकडून तपासून घ्याच.

आता 'मुलींसाठीच का' याकडे येतो. शिकायचे पैसे कोणी ठेवले आणि कोणासाठी, हे जरा मागे जाऊन बघा. हार्वर्डला शिष्यवृत्तीसाठी पहिला कायम निधी दिला तो एका बाईने. लेडी ॲन मौलसन, माहेरची रॅडक्लिफ, १६४३ साली, १०० पौंड. आणि त्या संस्थेत तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता! तिच्या माहेरच्या नावाने मुलींचं कॉलेज व्हायला १८९४ साल उजाडलं. ऑक्सफर्डला शिकण्यासाठी मिळणारी ऱ्होड्स शिष्यवृत्ती घ्या. सेसिल ऱ्होड्स १९०२ मध्ये वारला, त्याच्या मृत्युपत्रात ती पुरुषांपुरती होती आणि स्त्रिया तिच्यावर दाखल व्हायला १९७७ उजाडलं. त्यासाठी ब्रिटिश संसदेतून वाट काढावी लागली. म्हणजे शतकानुशतकं साठत आलेली विद्येची गंगाजळी एका बाजूला होती. अभियांत्रिकीत तर अमेरिकेत १९७० मध्ये पदवी घेणाऱ्यांत मुली १ टक्काही नव्हत्या. आज ते प्रमाण चौथ्या हिश्शाच्या जवळ आलंय, पण अजून चौथाच हिस्सा आहे.

आणि गरज घरात कशी वाटली जाते तेही बघावं लागतं. दोन भावंडांच्या शिक्षणाला पुरेसे पैसे नसले की थांबायचं कोणी, हे जगात बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. उत्पन्नाच्या दाखल्यावर ते दिसत नाही.

समांतर

आधी यादी, मग निधी जुळवायचा ही पद्धत मला माहीत नव्हती. तसं असेल तर माझा आक्षेप बराच निवळला. माझं एवढंच म्हणणं की विद्यापीठाकडे सर्वसाधारण निधीही तेवढाच सशक्त हवा. तो अशक्त असेल तर कागदावरची यादी काही कामाची नाही.

आडवाट

तुमच्या त्या म्हणण्याशी पूर्ण सहमत.

सदाफुली

समांतर काका, माझ्या वर्गातला एक मुलगा माझ्याहून अडचणीत होता आणि आम्ही दोघंही एकाच रांगेत दाखले घेऊन उभे असायचो. मला त्याच्या वाट्याचं कधीच नको होतं. पण तो रात्री लॅबमध्ये थांबून प्रकल्प करू शकायचा, मला शेवटची बस गाठायला लागायची. ती बस माझ्या शिष्यवृत्तीच्या कोणत्याच रकान्यात नव्हती.

खडूफळा

सदाफुलीच्या बसवरून आठवलं. देणगी म्हणजे शिष्यवृत्तीच असं आपण का धरून चालतो? यंत्रवेडींनी सुरुवातीला ज्या संस्थेचा उल्लेख केला तिथलंच पुढचं उदाहरण आहे. कॅथरीन डेक्स्टर मॅककॉर्मिक १९०४ ची तिथली जीवशास्त्राची पदवीधर. वारसाने खूप संपत्ती आली. गर्भनिरोधक गोळीच्या संशोधनाला तिने पैसा पुरवला हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण आपल्या संस्थेत मुली इतक्या कमी का, हा प्रश्न तिने धरून ठेवला होता. मुलींना प्रवेश होता, हुशार मुलीही होत्या, राहायला जागा नव्हती. नदीपलीकडच्या एका घरात थोड्याच मुलींची सोय होती आणि जेवढ्या खाटा तेवढेच प्रवेश अशी गत. मॅककॉर्मिकबाईंनी संस्थेच्या आवारात मुलींचं पहिलं वसतिगृह बांधून दिलं. ते १९६३ मध्ये उघडलं, काही वर्षांनी दुसरी इमारतही झाली आणि मुलींची संख्या वाढायला वाव मिळाला. पात्र मुली मिळत नाहीत, हे तोवरचं उत्तर खाटांच्या हिशेबात अडकलं होतं.

सगळ्यांना इमारत बांधणं शक्य नाही. पण मुली नेमक्या कुठे अडतात हे आधी त्यांनाच विचारा आणि मग ठरवा. कुठे फी अडते, कुठे वसतिगृह, कुठे पाळणाघर, कुठे रात्रीचा प्रवास.

आडवाट

एका शिष्यवृत्तीबद्दल सांगायचं राहिलं होतं. लीव्हाय बार्बर नावाचे एक वकील मिशिगन विद्यापीठाच्या नियामक मंडळावर होते. आशियाच्या प्रवासात त्यांना मिशिगनमध्ये वैद्यक शिकून मायदेशी काम करणाऱ्या स्त्रिया भेटल्या. त्यांचं काम बघून त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात आशियातल्या स्त्रियांसाठी कायम निधी दिला. विषयाचं बंधन घातलं नाही. त्यामुळे डॉक्टरांकडे बघून सुरू झालेला तो निधी पुढे तीसेक वर्षांनी राजेश्वरी चॅटर्जी या विद्युत अभियंत्रीच्या कामी आला. त्या १९४९ पासून बार्बर शिष्यवृत्तीवर मिशिगनला होत्या, १९५३ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मायक्रोवेव्ह आणि अँटेना शिकवू लागल्या. त्या संस्थेत अभियांत्रिकी शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. बार्बर तोवर हयातही नव्हते. चक्रवाढ म्हणतात त्या मोकळ्या अटीचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

याउलट अगदी नेमक्या विषयालाही निधी टिकतो, जर पाठीशी जिवंत संघटना असेल. वैमानिक अमेलिया एअरहार्ट १९३७ मध्ये विमानासह बेपत्ता झाली. ती झोंटा या स्त्रियांच्या संघटनेची सदस्य होती. संघटनेने १९३८ मध्ये तिच्या नावाने पाठ्यवृत्ती सुरू केली आणि ती आजही विमान व अवकाश अभियांत्रिकीत पीएच.डी. करणाऱ्या जगभरच्या स्त्रियांना मिळते.

पानाफुलात

वा! राजेश्वरीबाईंबद्दल ऐकलं होतं, त्यांच्या शिष्यवृत्तीचं नव्हतं माहीत.

चक्रवाढ

एक महत्त्वाची गोष्ट सुटली होती, ती लगेच लिहितो.

पुष्कळ विद्यापीठांत एका विद्यार्थ्याला मिळू शकणाऱ्या एकूण मदतीवर मर्यादा असते. मुलीला बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की विद्यापीठ आपल्याकडची मदत तेवढीच कमी करतं. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढलं. मुलीच्या हातात जास्तीचं काहीच येत नाही, तुमच्या निधीने प्रत्यक्षात विद्यापीठाचे पैसे वाचवले. तेव्हा सही करण्याआधी लेखी विचारा: आमच्या शिष्यवृत्तीमुळे विद्यार्थिनीची इतर मदत कमी होणार का? होणार असेल तर आधी तिच्यावरचं कर्ज किंवा कामाचे तास कमी करा, अनुदान सर्वांत शेवटी. हे देणगीपत्रात येऊ शकतं, काही ठिकाणी मान्यही करतात. मान्य नसेल तर निधी विद्यापीठाबाहेर स्वतंत्र न्यासात ठेवायचा का, याचा विचार करा. त्यात कारभाराचा खर्च वाढतो, तोही मोजा.

सदाफुली

अय्या, हे माझ्याबाबतीत झालंय! दुसऱ्या वर्षी मला आणखी एक छोटी शिष्यवृत्ती लागली आणि वसतिगृहाची सवलत गेली. मला वाटलं होतं माझ्याच अर्जात काही चुकलं असेल.

यंत्रवेडी

नाही गं, तुझं काहीच चुकलेलं नव्हतं.

काल रात्री आम्ही सगळ्या फोनवर होतो. हा धागा मोठ्याने वाचला. त्यावरून मसुद्यात जे बदलायचं ठरलं ते लिहिते, अजून भोकं असतील तर दाखवा.

शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापासून पदवी पूर्ण होईपर्यंत एकाच मुलीची. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं एका वेळी मोजक्याच मुली असतील, हे आता सगळ्यांना मान्य आहे. 'सर्वांत हुशार मुलगी' म्हणणारीने स्वतःच किमान गुणांचा रकाना कोरा ठेवायला सांगितलं. खडूफळा मॅडमची ती फाइल तिला फार लागली. तिथे आता 'समाधानकारक प्रगती, निर्णय समितीचा, सावरण्यास एक पूर्ण वर्ष' असं येईल आणि खंड पडल्यास परत येण्याची तरतूद वेगळ्या कलमात.

फीचा भाग सत्र सुरू होण्याच्या आधी विद्यापीठाकडे वर्ग व्हावा, उपस्थितीचा दाखला पुढच्या हप्त्यासाठी लागावा, पहिल्या हप्त्यासाठी नाही. उरलेली रक्कम विद्यार्थिनीच्या खात्यात, पावत्यांशिवाय. इंटर्नशिपसाठी वेगळी छोटी तरतूद, विद्यावेतन नसेल किंवा अपुरं असेल तेव्हा. शाखेला प्राधान्य, सक्ती नाही. हेतूच्या जवळचा वापर करायची मुभा. उचलीचं कलम चक्रवाढ यांनी सुचवलं त्या अर्थाचं. इतर मदत कमी होण्याबद्दल विद्यापीठाला आज पत्र पाठवलं आहे.

निवडीसाठी शिफारसपत्र एकच ठेवणार आहोत. ज्या मुलीच्या घरात आधी कोणी विद्यापीठात गेलेलं नाही तिला दोन प्राध्यापक ओळखत असतील असं धरणं बरोबर नाही. निबंधही नको, तीन साधे प्रश्न पुरेत.

खडूफळा

उत्तम झालंय. दोनच गोष्टी. निवड समितीवर निधीची आधीची एक विद्यार्थिनी ठेवा, पदवी झालेली. अर्जातलं कुठलं वाक्य अडचणीचं आहे हे तिला आमच्याआधी कळतं. आणि दर पाच वर्षांनी अटींचा फेरविचार व्हावा असं कलम घाला, नाहीतर विद्यापीठात कोणीही स्वतःहून ती फाइल उघडत नाही.

चक्रवाढ

फेरविचाराला अनुमोदन. फक्त 'मुलींच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी' हा मूळ हेतू फेरविचाराच्या कक्षेबाहेर ठेवा. कायद्याने भाग पडलं तरच बदल, एरवी नाही. आणि वर्षाचा अहवाल मागा: निधीचं मूल्य, खर्च, किती मुलींना मिळाली, किती जणी पदवीपर्यंत पोचल्या, किती जणींनी का सोडलं. शेवटचा रकाना बहुतेक अहवालांत नसतोच.

सदाफुली

ताई, एक मागणं आहे, छोटंसं. आम्हाला दर वर्षी देणगीदारांना आभाराचं पत्र लिहावं लागायचं. लिहायला मला आवडायचं, पण ते दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटायचा नाही आणि त्यात घरची परिस्थिती लिहा असं सांगायचे. एकदा वार्षिक समारंभात माझं पत्र व्यासपीठावरून वाचून दाखवलं. वडील शेजारी बसले होते. तुमच्या निधीत पत्र ऐच्छिक ठेवाल का? आणि लिहायचंच असेल तर मी काय शिकले, कोणता प्रकल्प केला, ते लिहू द्या.

यंत्रवेडी

ठेवणार. हे कलम तुझ्याच शब्दांत घालते: पत्र ऐच्छिक, ते हप्त्याशी जोडायचं नाही, परवानगीशिवाय कुठेही वाचायचं किंवा छापायचं नाही. आणि खडूफळा मॅडम म्हणतात त्या समितीवरच्या जागेसाठी सुरुवातीला आमच्या निधीची अशी कोणी विद्यार्थिनी नसणारच. पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत तू बसशील का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, सवडीने उत्तर दे.

सदाफुली

बसेन. व्यनि मिळाला.